जवाब कोणत्या सवालाचा

माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर वैजनाथ घोडके राहतो. त्याच्या दाराला बेल आहे, पण ती एकदाच वाजते. एकदा बटण दाबलं, आत टुणकन आवाज झाला, की बेल मेली. मग तुम्ही अंगठा सुजेपर्यंत दाबत बसा. वैजनाथ उठून दार उघडतो तेव्हाच ती पुन्हा जिवंत होते. ही करामत त्यानं स्वतः तारा जोडून केली आहे. घरमालक मी, पण मला विचारायची त्याला गरज वाटली नाही. पहिल्यांदा फसलो तेव्हा मी भर उन्हात जिन्यावर उभा राहून बटण दाबत होतो, आणि आतून शांतपणे उत्तर आलं, "नाना, एकदा दाबलंय ना? मंग थांबा की. दहादा दाबल्यावर मी काय दहादा उठणार हाय?"

सिरसाळ्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे आमचं बिऱ्हाड, वर वैजनाथ. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून तो इकडे परत आला आणि परदेशातल्या कुठल्याशा कंपनीच्या वेबसाइटची कामं घरात बसून करू लागला. लग्न केलेलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, "इचारलं हुतं एकीला. जवाब यायचाय." लोक हे ऐकून आधी हसतात, मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबतात.

बेलचं एक वेळ सोडा. पण त्याला दुसरी खोड होती, सवालांना नंबर द्यायची. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात तो मला चहाला घेऊन गेला. वेटर माझ्याच वयाचा, त्या हॉटेलात जन्म काढलेला. वैजनाथ त्याला म्हणाला, "सवाल एक. चहा आत्ता केलेला हाय का? सवाल दोन. भजे कवाचे हाईत?"

"हाय," वेटर म्हणाला.

"ह्यो कोणत्या सवालाचा जवाब?"

"दोन्हीचा."

"भजे कवाचे, तर हाय? असं कसं जमंल?"

वेटरनं फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "नाना, ह्यांना भजे खायचेत का पेपर तपासायचाय?"

मी भजी मागवली आणि वैजनाथच्या तोंडात एक घातलं, म्हणजे तेवढा वेळ तरी त्याचं तोंड बंद राहील. राहिलं नाही. भजं चावत चावत त्यानं मला सांगितलं की पहिल्याचा जवाब आल्याशिवाय दुसरा सवाल टाकायचाच नाही, आणि टाकलाच तर जवाब घेताना तो कशाचा आहे हे बघून घ्यायचं. माणसं मरतात त्यानं, असंही तो म्हणाला. मी ते कानाआड केलं.

माझ्या पुतण्याच्या सोयरिकीच्या बैठकीला मी त्याला नेलं, ही माझीच अक्कल. चारचौघांत शिकलेला माणूस बसलेला बरा दिसतो म्हणून नेलं. मुलीच्या मामानं विचारलं, "मुलगा काय करतो?" आमचे थोरले बंधू मिशीवर हात फिरवून म्हणाले, "घरची पंधरा एकर बागायत हाय." बैठक पुढे सरकणार, एवढ्यात वैजनाथनं हात वर केला. "माफ करा पाव्हणं. सवाल मुलाचा हुता, जवाब जमिनीचा आलाय. मुलाचा अजून यायचाय." सगळे आमच्या पुतण्याकडे बघू लागले. पुतण्या काहीच करत नव्हता, तेव्हाही आणि आताही. लग्न जमलं ते नशीब, पण आमची वहिनी त्यानंतर महिनाभर माझ्या घरचं पाणी प्याली नाही.

तुम्ही म्हणाल, ही कॉम्प्युटरवाली माणसं अशीच चक्रम. मीही तेच म्हणायचो. पण वैजनाथ आधी असा नव्हता. पुण्याहून आला तेव्हा चांगला गप्पिष्ट होता, एका दमात चार प्रश्न विचारून एकाचंही उत्तर न ऐकणारा, आपल्या सगळ्यांसारखा. हे वेड त्याला लागलं ते त्याच्या बहिणीच्या मरणामुळं, आणि तेही ती गेली तेव्हा नाही, नंतर कितीतरी महिन्यांनी.

आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत सापाची भीती असते. घोणस पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी पडून राहते, वाळक्या पाल्यातून ती ओळखू येत नाही. चावलेल्या माणसाला लोक जवळच्या सरकारी दवाखान्यात पळवतात, तिथं कळतं की सापाचं इंजेक्शन संपलंय, मग दुसरीकडे पळायचं. या पळापळीत माणूस जातो. वैजनाथनं यावर कुणी न सांगता, फुकटात, एक वेबपान तयार केलं. आसपासच्या दवाखान्यांची नावं ओळीनं. नावावर बोट ठेवलं की ते नाव वर मोठ्या अक्षरात यायचं आणि खाली एकच शब्द, 'आहे' किंवा 'नाही'. दवाखान्यातल्या नर्सबाई रोज सकाळी तो शब्द भरायच्या. लोक त्याला 'वैजूचं पान' म्हणत. त्या पानामुळं कितीतरी जणांचे जीव वाचले. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

त्याची धाकटी बहीण रुक्मिण तेलगावच्या पलीकडे एका वस्तीवर दिलेली. नवरा अंगद, चौथीपर्यंत शिकलेला. वाचता येतं, पण अक्षराखाली बोट धरून. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. एक मुलगी, सोनाली. वेचणी चालू असताना रुक्मिणला घोणस चावली. अंगदनं शेताच्या बांधावर उभं राहून वैजूचं पान उघडलं. त्या वस्तीपासून एक दवाखाना उगवतीला आहे, एक मावळतीला, दोन्ही सारखेच लांब. त्यांची नावं मी लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती. फोन कुठेच लागत नव्हता. अंगदनं आधी उगवतीच्या नावावर बोट ठेवलं. नुसतं चक्र फिरत राहिलं. जीव राहीना म्हणून मावळतीच्या नावावर ठेवलं. वर मावळतीचं नाव होतं, खाली शब्द होता 'आहे'. त्यानं गाडी मावळतीला पळवली. तिथं इंजेक्शन नव्हतं. नर्सबाईंनी स्वतःच्या मोबाइलवर पान उघडून दाखवलं, तिथं साफ 'नाही' होतं. अंगदनं गाडी फिरवली, पण उगवतीचा दवाखाना यायच्या आधी, वाटेतच, रुक्मिण गेली.

अंत्यविधीनंतर वस्तीवरच्या अंगणात सगळे बसले होते. मीही होतो. अंगद एकसारखा म्हणत होता, "'आहे' हुतं. म्या सोता वाचलं." वैजनाथ आदल्या रात्रभर आपल्या खोलीत त्या पानाची दोन्ही नावं दाबून बघत बसला होता आणि एकदाही चूक सापडली नव्हती. रडून त्याचे डोळे सुजले होते. तो उठला, त्यानं मोबाइल अंगदच्या पुढे धरला आणि म्हणाला, "दाजी, हितं 'न्हाई' लिवलंय. कालपण 'न्हाई'च हुतं. तुमी चुकीचं वाचलं." मागून कुणीतरी बोललं, चौथी पास माणसाच्या हातात फोन दिला की असंच व्हायचं. सोनाली उंबऱ्यात बसली होती. तिनं बापाकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून ती अंगदशी एक अक्षर बोलली नाही. वैजनाथनं तिला सिरसाळ्याला आणलं आणि शाळेत घातलं.

मग आमच्या जिन्यावर वेगळंच नाटक सुरू झालं. हा पुरुष चाळिशी ओलांडलेला, स्वतःच्या केसांना कधी धड कंगवा न लावलेला, आणि शाळेत दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी लागतात. यूट्यूबवर बघून तो वेण्या घालायला शिकला. पहिल्या दिवशी सोनालीच्या डोक्यावर जे झालं होतं ते बघून आमच्या सौभाग्यवती कंगवा घेऊन वर धावल्या. वैजनाथनं त्यांना दारातच अडवलं. "काकू, शिकवा, पण घालू नका. रोजची जिमेदारी माझी हाय." आठ-पंधरा दिवसांत तो इतक्या घट्ट वेण्या घालू लागला की पोरीच्या भुवया ताणलेल्या दिसायच्या. सकाळी वरून तिचा "मामा, लई दुखतंय" असा ओरडा ऐकू आला की मी दुकान उघडायचो. ती त्याला हसवायची, त्याच्यावर रागवायची, त्याच्या ताटातलं उचलून खायची. बहीण गेली आणि याचं घर भरलं. त्याला हे कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. एकदा मला म्हणालाही, "नाना, मला बरं वाटतंय हेच लई वंगाळ हाय."

आणि खाली अंगद. तो दर बाजाराच्या दिवशी यायचा. कधी बोरं, कधी शेंगा, कधी हरभऱ्याची पेंडी माझ्या गल्ल्यापाशी ठेवायचा. सोनाली खाली यायची नाही. तो जिन्याकडे बघत विचारायचा, "बरी हाय नं?" मी म्हणायचो, बरी आहे. पहिले काही महिने तो जाता जाता म्हणायचा, "नाना, 'आहे'च हुतं बगा." नंतर ते म्हणणं बंद झालं. मग एक दिवस फवारणीच्या औषधाची बाटली पुढे करून म्हणाला, "ह्यावर काय लिवलंय तेवढं वाचून सांगा." मला माहीत होतं त्याला वाचता येतं. म्हणालो, वाच की तूच. तर म्हणाला, "न्हाई. माझ्या वाचण्याचा भरवसा न्हाई." पुढच्या वेळी आला तो डोळ्यांवर चष्मा घालून. बीडला जाऊन करून आणला होता. तपासणाऱ्यानं सांगितलं होतं की डोळे उत्तम आहेत, नंबर काही नाही. अंगदनं हट्टानं साध्या काचेचा बसवून घेतला. असला चष्मा लावणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि मला हसूही आलं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. वरची वैजनाथची इंटरनेटची लाइन बंद पडली म्हणून तो मोबाइल घेऊन दुकानात आला आणि युरियाच्या गोणीवर बसला. माझ्या दुकानाला वर, बाजूला, सगळीकडे पत्रा. नेटवर्क येतं-जातं. सहज चाळा म्हणून त्यानं ते पान उघडलं, एका नावावर बोट ठेवलं, काही येईना म्हणून दुसऱ्यावर ठेवलं. मग त्यानं पुन्हा तसंच केलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"नाना, हे बगा."

मी बघितलं. वर मावळतीच्या दवाखान्याचं नाव. खाली 'नाही'. आणि मग माझ्या देखत, कुणी हात न लावता, त्या 'नाही'चं 'आहे' झालं.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत तो करत होता. गिऱ्हाइकं आली, गेली, तो गोणीवरून हलला नाही. बॅटरी संपल्यावर काळ्या काचेकडे बघत एवढंच म्हणाला, "वर माझी लाइन चांगली हाय. वर हे कधीच झालं न्हाई. तपासलं ते सगळं वर बसून तपासलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं दाराची बेल एकदाच वाजेल अशी करून टाकली. मग ते सवालांचे नंबर सुरू झाले. मला वाटलं, ऊन लागलं. त्यानं आपणहून उलगडून सांगितलं ते पुष्कळ दिवसांनी, माझं दुकान डोळ्यांसमोर ठेवून, मला समजावं म्हणून.

"समजा नाना, गिऱ्हाइकानं तुमाला एक बियाणं मागितलं. तुमी एक हमाल गोदामात धाडला. तो परत यायच्या आत गिऱ्हाईक म्हणलं, ते नगं, दुसरं दाखवा. तुमी दुसरा हमाल धाडला. दुसरा चटकन आला, त्यानं बरोबर पिशवी मेजावर ठेवली. आन् मंग तो पयला, रेंगाळत आलेला, त्यानं आपली पिशवी आणून त्याच्याच वर ठेवली. गिऱ्हाइकाला वरची दिसती. ते तीच घेऊन जातं."

"मग?"

"मंग काय. दाजींनी उगवतीचं इचारलं, तो जवाब वाटंत अडकला. मावळतीचं इचारलं, तो आधी आला, 'नाही'. एवढ्यात उगवतीचा 'आहे' आला आन् मावळतीच्या नावाखाली जाऊन बसला. दाजींनी बरोबर वाचलं, नाना. त्यांच्या फोनवर 'आहे'च हुतं. इंजेक्शन उगवतीला हुतं."

मी विचारलं, हे आता दुरुस्त होतं का? तो हसला. ते हसू बघवलं नाही. "त्याच दिवशी केलं. दोन ओळींचं काम. परतेक सवालाला नंबर द्यायचा. जवाब आला की नंबर बगायचा. जुना आसंल तर फेकून द्यायचा. माझ्या कंपनीच्या कामात मी हे रोज लिवतो, झोपंत लिवतो. फुकटाचं काम म्हणून ह्यात लिवलं न्हाई."

मी त्याला सांगितलं, गप्प बस. कुणाला काही बोलू नकोस. हा सल्ला मी विचार करून दिला होता आणि तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. रुक्मिण परत यायची नव्हती. पान दुरुस्त झालं होतं. अंगदनं आपली चूक कबूल करून टाकल्यासारखं दिसत होतं. पोरगी तुझ्याकडे सुखात आहे, शिकतेय, आईनंतर तिला तू आहेस, तूही गेलास तर तिनं कुणाकडे बघायचं? वैजनाथ म्हणाला, "पोरगी माझ्याकडं हाय, ती चुकीच्या जवाबावर हाय, नाना." असं म्हणाला खरा, पण गेला नाही कुठे. रोज वेण्या घालत राहिला. बोलायला त्याची जीभ उचलत नव्हती, आणि ती का उचलत नव्हती हे मला दिसत होतं. अंगदला खरं सांगितलं की सोनाली वैजनाथच्या हातून जाणार होती.

मग एका बाजाराच्या दिवशी अंगद आला. या वेळी पिशवी माझ्याकडे न देता तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वरचं दार उघडं होतं. तो वर बघून मोठ्यानं म्हणाला, "सोने, ऐक. माझी चूक झाली. म्या वाचायला चुकलो. 'न्हाई' हुतं, म्या 'आहे' वाचलं. तुझी माय माझ्यामुळं गेली. आता तरी बोल माझ्याशी."

भर बाजाराचा दिवस. दुकानात सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. वरून काहीच आवाज आला नाही. अंगदनं पिशवी पायरीवर ठेवली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ सोनालीला घेऊन खाली आला. तिच्या एकाच वेणीला रिबिन होती, दुसरी तशीच मोकळी. "नाना, गाडी काढा. वस्तीवर जायचंय."

मी माझी जीप काढली. तेलगाव मागे पडलं. सोनालीला वाटलं होतं, मामा तिची समजूत घालून तिला बापाकडे सोडायला चाललाय. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

अंगद गोठ्यात होता. आम्हाला बघून त्यानं लगबगीनं बाज टाकली. वैजनाथ बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "दाजी, तुमी बरोबर वाचलं हुतं. चूक माझ्या पानाची हाय. दाखवतो." त्यानं जुनं, न दुरुस्त केलेलं पान मुद्दाम वेगळं ठेवलं होतं. ते उघडून त्यानं मोबाइल अंगदच्या हातात दिला. दोन्ही दवाखान्यांचे शब्द त्यानं त्या दिवशी होते तसेच भरले होते. "आधी उगवतीवर बोट ठेवा. लगेच मावळतीवर."

अंगदनं ठेवलं. 'नाही' आलं आणि 'नाही'च राहिलं.

"पुन्यांदा करा."

पुन्हा 'नाही'. वैजनाथनं स्वतः करून बघितलं. 'नाही'. वर्षभर ज्या वस्तीवर फोन लागत नाही म्हणून लोक ओरडतात, तिथं त्या दिवशी नेटवर्क फुल्ल होतं. सोनालीनं मान फिरवली. अंगद मोबाइल परत देत समजुतीच्या स्वरात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, वैजूभाऊ. मला बरं वाटावं म्हणून तुमी एवढं करताव, कळतंय मला. म्या आता मानलंय. ऱ्हाऊ द्या."

वैजनाथनं त्याचे दोन्ही दंड धरले. "त्या दिशी कुठं उभा हुता तुमी?"

आम्ही चौघं शेतात गेलो. कापूस वीतभर आलेला. एका कडुलिंबाच्या अलीकडे खोलगट जागा आहे, तिथल्या बांधावर अंगद जाऊन उभा राहिला. पायाजवळची जमीन दाखवून म्हणाला, "ही हितं बसली हुती." मग त्यानं मोबाइल घेतला. उगवतीवर ठेवलं. चक्र फिरू लागलं. मावळतीवर ठेवलं. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, 'नाही'. मी मनात म्हटलं, संपलं. आणि त्या 'नाही'चं 'आहे' झालं.

अंगदनं चष्मा काढला आणि उघड्या डोळ्यांनी बघितलं. अक्षराखाली बोट धरून ओठांतल्या ओठांत वाचलं. पुन्हा पान उघडून पुन्हा दाबलं. पुन्हा 'आहे'. तिसऱ्यांदा त्यानं मोबाइल पुढे केला. "सोने, हिकडं ये. काय लिवलंय, वाच."

सोनाली आली. तिनं वाचलं. "आहे."

"मोठ्यानं वाच."

"'आहे', पप्पा."

अंगद तिथंच खाली बसला. वैजनाथ त्याच्यापुढे उभा होता, हात जोडलेले, आणि बोलत होता की अंगणात सगळ्यांसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं, आता सगळ्यांना बोलवा, मी सगळ्यांसमोर सांगतो. अंगद ते ऐकत नव्हता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गाडीवर तिनं मला इचारलं हुतं, नीट वाचलंत नं? म्या म्हणलं, वाचलं. मंग त्या बाईंनी फोन दाखवला, तवा ही माझ्याकडं बगितली. काय बोलली न्हाई. नुसती बगितली. तिला सांगायचं ऱ्हायलं, वैजूभाऊ. तिला कोण सांगंल आता?"

वैजनाथ लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. मला वाटलं होतं अंगद त्याला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, त्याला आणि वैजनाथलाही.

आम्ही घराकडे परतलो. अंगणात आल्यावर सोनालीनं दोघांकडे पाहिलं नाही. बाजेजवळ थांबून खालमानेनं म्हणाली, "पप्पा, चहा टाकू का?"

"टाक," अंगद म्हणाला.

ती आत गेली. स्टोव्हचा आवाज सुरू झाला. वैजनाथ बाजेच्या कडेला टेकला होता आणि त्या आवाजाकडे कान लावून बसला होता. थोड्या वेळानं सोनाली ताट घेऊन बाहेर आली. ताटात दोनच कप होते, बशीसकट. एक तिनं बापाला दिला, एक मला. वैजनाथच्या समोरून ती तशीच आत निघून गेली. दुसऱ्या वेणीची मोकळी टोकं पाठीवर सुटली होती. कप हातात धरून मी बसलो, प्यावा की ठेवावा कळेना.

अंगदनं आपला कप बशीत ओतायला सुरुवात केली. अर्धा ओतला. कप स्वतःजवळ ठेवला आणि बशी बाजेवरून हळूहळू, सांडू न देता, वैजनाथकडे सरकवली.

"घ्या," तो म्हणाला.

वैजनाथनं बशी दोन्ही हातांनी उचलली. ओठांपर्यंत नेईस्तोवर बराच चहा त्याच्या विजारीवर सांडला, चटकाही बसला असेल. उरलेला तो प्याला.